शिंपल्याचा माल : मुलांच्या हाती देण्यापूर्वी

मे महिन्याच्या सुट्टीत मुले घरात बसली की घरातल्या बायकांचा जीव मेटाकुटीला येतो. आमच्या परळच्या दुकानावरचा पोटमाळा त्या दिवसांत निम्मा रिकामा असतो, कारण लग्नसराईचा माल खाली उतरलेला असतो. काही वर्षांपूर्वी पुतण्या-भाच्या आणि इमारतीतली मुले मिळून चौदा-पंधरा जणांना त्या माळ्यावर बसवले आणि त्यांना शिंपल्यांच्या वस्तू करायला शिकवायचे ठरले. शिकवणार होती माझी धाकटी भावजय. मी फक्त माल आणून द्यायचा होता.

माल आणणे हे माझे रोजचे काम. कापड बोटांत धरले की सूत कोणते, रंग टिकेल की उतरेल, हे मला सांगता येते. शिंपल्यात मात्र मी अगदीच अडाणी निघालो. ते अडाणीपण केवढ्याला पडू शकले असते, हे आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना कळावे म्हणून हा लेख लिहीत आहे. घरबसल्या हस्तकलेचे काम करणाऱ्या भगिनी, शाळांना सामान पुरवणारे स्टेशनरीवाले आणि दर्ग्याच्या वाटेवर शोभेच्या वस्तू विकणारे फेरीवाले, या सर्वांशी या गोष्टीचा संबंध आहे.

मी एका घाऊक व्यापाऱ्याकडून दहा किलोचा खोका उचलला. बिलावर दोनच शब्द होते, ‘मिक्स शेल’. खोका उघडला तेव्हा मुले त्यावर तुटून पडली. पिवळ्या कवड्या, पिळाचे शंख, गुलाबी शिंपल्या, सगळे कसे धुऊन-पुसून चकचकीत. मुलांनी दुसऱ्या दिवसापर्यंत चार आरसे आणि एक पेटी सजवली सुद्धा. तिसऱ्या दिवशी आमच्याच इमारतीतल्या एक बाई आपल्या मुलीला न्यायला वर आल्या. त्या शाळेत जीवशास्त्र शिकवतात. त्यांनी खोक्यात हात घातला, एकेक नग उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली आणि मला विचारले, “भाई, याचं बिल आहे का तुमच्याकडे? आणि ज्याने विकलं त्याच्याकडे परवाना?”

बाजूला पाच नग निघाले. एक शंख हाताच्या पंजासारखा, कडेला बोटांसारखे काटे असलेला. दुसरा जाड, खवलेदार, नागमोडी काठांचा मोठा शिंपला. दोन नग पातळ चपट्या शिंपल्यांचे, ज्यांतून उजेड आरपार दिसतो. आणि एक पांढरी फांदी, जिला मी दगड समजत होतो. ते प्रवाळ होते. बाईंनी सांगितले की हे पाचही नग वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

खरे सांगतो, मला वाटत होते की तो कायदा वाघ, हरीण, हस्तिदंत यांच्यापुरता आहे. कायदा १९७२ चा आहे. २००१ साली त्याच्या याद्यांत समुद्रातल्या बऱ्याच जीवांची नावे घालण्यात आली. त्यांत शंखशिंपल्यांच्या २४ जाती आहेत, शिवाय प्रवाळ आणि समुद्रपंखेही आहेत. घरात लटकवले की बरकत येते असे सांगून ‘इंद्रजाल’ या नावाने जी काळी जाळीदार फांदी विकतात, ती सुद्धा काळ्या प्रवाळाची किंवा समुद्रपंख्याची असते आणि तिची विक्री गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने याद्यांची फेरमांडणी झाली आणि दंड वाढला. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पहिल्या यादीतल्या जीवाचा माल सापडला तर तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब पुरी पडत नाही, कारण माल रीतसर मिळवला हे दाखवण्याचा बोजा माल बाळगणाऱ्यावर येतो.

आता कोणता माल टाळावा, ते व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो, कारण शास्त्रीय नावे पाठ करणे आपल्याला जमणारे नाही. काटेरी बोटांचा कोळीशंख घेऊ नये. नागमोडी काठाचा जाड महाशिंपला घेऊ नये. आत कप्पे असलेला, बाहेर तपकिरी पट्ट्यांचा नॉटिलस घेऊ नये. हात-दीड हात लांबीचा, ठिपक्याठिपक्यांचा, तुतारीसारखा ट्रायटन घेऊ नये. शिंगे असलेला डबा-शंख आणि खाली रुंद, वर निमुळता असा भोवऱ्यासारखा ट्रोकस, हेही नकोत. काचेसारखा चपटा शिंपला नको. प्रवाळ कोणतेही, कोणत्याही रंगाचे, नको. पूजेचा आणि बांगड्यांचा नेहमीचा पांढरा शंख त्या यादीत नाही, माळेची नेहमीची लहान पिवळी-पांढरी कवडीही नाही. पण ‘मिक्स’ म्हणून आलेल्या खोक्यात काय काय मिसळले आहे, ते ज्याने भरले त्यालाही बहुधा ठाऊक नसते. म्हणून खोका मुलांपुढे उघडण्याआधी मोठ्याने उघडावा.

काचशिंपल्याबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी हेच शिंपले लाकडी पट्ट्यांत बसवलेले दिसतात. काच महाग होती तेव्हा हा गरिबाचा नव्हे, चांगल्या घरचा माल होता. उजेड मऊ येई आणि ऊन झेपे. आज दिव्यांच्या शेड आणि झुंबरे यांसाठी त्याला मागणी येते. जुन्या घराची खिडकी उतरवून कोणी विकायला आणली तरी ती घेण्यापूर्वी वनखात्याला विचारावे.

या धंद्यात आपले लोक नवखे नाहीत. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या कीळक्करै गावातले मरक्कायर मुसलमान व्यापारी अनेक शतके मोती आणि शंखाच्या व्यापारात होते. मन्नारच्या आखातातून काढलेला शंख बंगालात जाई आणि तिथे त्याच्या बांगड्या होत. आपल्या मुंबईचा तर सारा जुना डौल मोत्यावर होता. इराणी आखातातला मोती मुंबईच्या बाजारात येऊन विकला जाई, अरब व्यापारी इथे पेढ्या थाटून राहत. ज्यांनी १९०५ साली जेद्दात अल-फलाह ही शाळा सुरू केली ते मुहम्मद अली झैनल अलीरझा मोत्याचेच व्यापारी, आणि मुंबई ही त्यांची बाजारपेठ. १९२९ नंतरची जगभरची मंदी आणि जपानचा पैदाशी मोती यांनी तो धंदा बसवला. तेव्हा शिंपला ही मामुली चीज समजू नये. त्यातून शाळाही उभ्या राहिल्या आहेत.

मग मुलांच्या हातात काय द्यायचे? बाईंनी एक साधी गोष्ट सांगितली. ज्या शंखाला आरशासारखी चकाकी असते तो किनाऱ्यावर मेलेला सापडलेला नसतो. लाटांत घासलेला शंख निस्तेज होतो. चकचकीत माल बहुतेक वेळा आतला जीव मारून काढलेला असतो. ‘तुम्हाला शिंपलेच पाहिजेत ना,’ त्या म्हणाल्या, ‘मग लोक खाऊन टाकतात ते घ्या.’

आमच्या हनफी घरांत तिसऱ्या शिजत नाहीत, त्यामुळे हे माझ्या डोक्यात आले नव्हते. पण शाफई असलेल्या कोकणी मुसलमानांच्या घरी तिसऱ्यांचे सुके आणि कालवांचा रस्सा आवडीने खातात, आणि लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथल्या मालवणी खानावळींत तर रोज शिंपल्यांच्या टोपल्या कचऱ्यात जातात. मी एका खानावळवाल्याला विचारले. तो हसला आणि म्हणाला, “शेठ, कचरा न्यायला पैसे कशाला देता? फक्त रोज न्या.” रोज न्या, या शब्दाचा अर्थ मला चौथ्या दिवशी समजला. गोणी माळ्यावर ठेवून मी तीन दिवस भिवंडीला गेलो होतो. परत आलो तो दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उभे राहत नव्हते आणि शेजारचा चष्मेवाला माझ्याशी बोलत नव्हता. तिसऱ्यांच्या शिंपल्यांच्या बिजागरीला मांसाचा दोरा राहतो, तोच कुजतो.

तेव्हा साफ करण्याची रीत नीट सांगतो. शिंपले आणल्या दिवशीच पाण्यात भिजवावेत. नंतर मोठ्या पातेल्यात दहा मिनिटे उकळावेत आणि गार झाल्यावर दातांच्या जुन्या ब्रशने घासावेत. बिजागरीतला दोरा सुरीच्या टोकाने काढावा. हे काम मोठ्यांचे. मग बादलीभर पाण्यात चमचाभर ब्लीचिंग पावडर टाकून त्यात रात्रभर ठेवावे, सकाळी दोन-तीन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवावेत. पावडर हाताळताना रबरी मोजे घालावेत, आणि ती फिनेल किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. वाळल्यावर कापडाच्या बोळ्याने खोबरेल तेलाचा हात फिरवला की रंग उठतो. ज्या ठिकाणी गोंद लावायचा तिथे मात्र तेल लागू देऊ नये. कायमची चकाकी हवी तर रंग नसलेले नेलपॉलिश लावावे.

बाजारातला काही माल ॲसिडमध्ये बुडवून चमकवतात. शिंपला चुन्याच्याच जातीचा असतो, त्यामुळे ॲसिडने त्याचा वरचा थर विरघळून आतला मोतिया थर उघडा पडतो. हे काम घरात, आणि मुलांसमोर, करण्याचे नाही. मुलांना गंमतच दाखवायची असेल तर वाटीत लिंबू पिळून त्यात एक तिसरी टाकावी. बुडबुडे येताना दिसतात. आमच्या माळ्यावर या एका वाटीभोवती अर्धा तास गर्दी होती. पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत, आणि शीवजवळच्या चुनाभट्टीचे नाव चुन्याच्या भट्ट्यांवरून पडले, हे सांगितल्यावर मुलांनी मला पुढे दोन दिवस स्टेशनांच्या नावांचे अर्थ विचारून भंडावून सोडले.

तिसऱ्यांचा ढीग पुढे आला आणि खोक्यातल्या मालाची आठवण मुलांना राहिली नाही. मला यातच सर्वांत नवल वाटले. तिसरीच्या पाठीवर नागमोडी रेघा असतात, आणि दोन तिसऱ्यांची नक्षी सारखी नसते. छापील वायलचे ठाण उलगडावे तशा त्या दिसतात. बाईंनी सांगितले की आपल्या किनाऱ्यावरच्या एका जातीच्या तिसरीच्या शास्त्रीय नावातच ‘टेक्स्टाइल’ हा शब्द आहे. तीस वर्षे कापड विकून मला हे ठाऊक नव्हते. मग मुलांना आम्ही एक खेळ दिला. शिंपल्याला डावी आणि उजवी अशा दोन झडपा असतात. ढिगातून प्रत्येकाने आपल्या झडपेची जोडीदार शोधायची. बिजागरीचे दात एकमेकांत बरोबर बसले तरच जोडी खरी. दुसरी कुठलीही झडप, दिसायला सारखी असली तरी, बसत नाही. आठ वर्षांच्या एका मुलाने एका सकाळी एकवीस जोड्या लावल्या. माझ्या दुकानातल्या नोकराला ब्लाउजपीसची जोडी साडीला लावायला एवढे जमले असते तर काय पाहिजे होते!

आता वस्तूंकडे वळू. सहा-सात वर्षांच्या मुलांनी पुठ्ठ्यावर शिंपले चिकटवून फुले, वेली, चांदतारा करावा. पुठ्ठ्याला आणि लाकडाला फेव्हिकॉल पुरतो, पण रात्रभर आडवे ठेवून वाळवावे लागते. मुलांना तेवढा धीर नसतो, म्हणून काम संध्याकाळी करून सकाळी बघायला बोलवावे. काचेवर आणि मातीच्या कुंडीवर फेव्हिकॉल धरत नाही. तिथे एम-सील लागते, आणि ते मळण्याचे काम मोजे घालून मोठ्यांनी करावे. झटपट चिकटणारा गोंद मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. बोटे चिकटतात, डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांनी पडदे आणि तोरणे करावीत. यासाठी भोके लागतात. आमच्या भावजयीने गिरमिटाने भोके पाडायला सुरुवात केली तेव्हा बाईंनी पुन्हा थांबवले. शिंपल्याची कोरडी भुकटी छातीत जाणे वाईट. भोक पाडायचे, घासायचे तर शिंपला पाण्यात बुडवून, तोंडाला फडके बांधून, आणि तेही मोठ्या माणसाने. पण निसर्गाने यात मुलांची सोय करून ठेवली आहे. किनाऱ्यावर पडलेल्या शिंपल्यांत काही असे मिळतात ज्यांना टोकाजवळ गोल, स्वच्छ भोक असते, जणू कोणी मशीनने पाडले आहे. ते एका शिकारी समुद्री गोगलगाईचे काम. ती शिंपल्याला भोक पाडून आतला जीव खाते. अशा शिंपल्यांतून तंगूस ओवला की तोरण तयार. आमच्या मुलांनी दादर चौपाटीवर एका सकाळी चाळीसच्या वर असे शिंपले वेचले, आणि वेचताना प्रत्येकजण सांगत होता की हा मेलेला आहे, हा खाल्लेला आहे.

आमचे खरे साधले ते कापडाशी जोडल्यावर. शिंप्यांच्या दुकानातून कतरन फुकट मिळते. मखमलीची आणि सॅटिनची कतरन पाटीवर ताणून बसवायची, कडेला लेस, आणि त्यावर शिंपले. नुसत्या पुठ्ठ्यावर जी वस्तू शाळेतली वाटत होती ती मखमलीवर आल्यावर दुकानातली दिसू लागली. गडद हिरव्या आणि मोरपिशी मखमलीवर तिसरीचा फिका तपकिरी रंग सर्वांत खुलतो, पांढऱ्यावर तो मळका दिसतो. बाजारात शिंपल्यांची कासवे, बदके, बाहुल्या पुष्कळ असतात. आमच्या घरांतल्या बायकांना अशा आकृत्या नको असतात, म्हणून आम्ही वेलबुट्टी, आरसे, पेट्या यांवरच राहिलो, आणि गिऱ्हाईक सर्व जातिधर्मांचे आले.

बटणांची गोष्ट राहिली. जुन्या दर्जेदार शर्टांना आणि कुर्त्यांना सीपची बटणे असत. आमच्या शाळेत उर्दूच्या पुस्तकातली ‘सीप’ मला त्या बटणांवरूनच कळली. बिहारच्या पूर्व चंपारण जिल्ह्यात मेहसी नावाचे गाव आहे. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून नदीच्या शिंपल्यांची बटणे बनतात. प्लॅस्टिकच्या बटणाने त्या कारागिरांचे कंबरडे मोडले, तरी धंदा अजून पूर्ण मेलेला नाही. नदीचा शिंपला समुद्राच्या त्या २४ नावांत येत नाही, त्यामुळे त्याला अडचण नाही. अस्सल सीपचे बटण गालाला लावले तर थंड लागते, प्लॅस्टिकचे लागत नाही. मुलींच्या कुर्तीवर, उशीच्या अभ्र्यावर अशी बटणे आणि भोकाचे लहान शिंपले एकत्र टाकून चांगले काम होते. रेडिमेडवाल्या बांधवांनी हे जरूर करून पाहावे.

किनाऱ्यावर मुलांना नेण्याबद्दल थोडे सांगतो. भरती-ओहोटीसाठी वेगळे पंचांग शोधायची गरज नाही, आपले चांद्र कॅलेंडर पुरे आहे. चांदरातीनंतरचे दोन-तीन दिवस आणि चौदावी ते सोळावी तारीख, या दिवसांत पाणी सर्वांत लांब ओसरते, आणि मुंबईत त्या दिवसांची ओहोटी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान येते. म्हणजे फजरची नमाज आटोपून निघाले तर गिरगाव किंवा दादरला वेळेवर पोचता येते. पायात चप्पल किंवा बूट असलाच पाहिजे. वाळूत काच, सुया, काय काय असते. पावसाळ्याच्या अखेरीस मुलांना पाण्यात उतरवू नये. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाकट माशांनी कित्येकांना डंख मारले होते, ते अनेकांना आठवत असेल. उचललेला शंख उलटा करून पाहावा. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरणारे छोटे खेकडे पुष्कळ असतात, त्यांचे ते घर आहे. आणि आईस्क्रीमच्या कोनासारखा दिसणारा शंख जिवंत असेल तर त्याला हातच लावू नये. त्याला विषारी काटा असतो आणि काही जातींच्या डंखाने माणूस दगावतो. गंमत अशी की त्यातल्या एका अतिविषारी जातीच्या नावातही ‘टेक्स्टाइल’ आहे, कारण नक्षी विणलेल्या कापडासारखी!

‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नावाने २०१७ पासून काही नागरिकांनी गिरगाव, हाजी अली अशा ठिकाणी लोकांना ओहोटीच्या वेळी किनारा दाखवण्याचे काम सुरू केले. त्यांची शिस्त अशी की बघायचे, उचलायचे नाही. सुरुवातीला मला ती फार कडक वाटली. पण माझ्या लहानपणी शाळेच्या सहलीत तारापोरवाला मत्स्यालय पाहून आम्ही समोरच्या किनाऱ्यावर उतरत असू, तेव्हा दिसत ते सगळे आता दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला भाग खुला झाला. त्याच्या भरावाखाली वरळी ते प्रियदर्शिनी पार्क या पट्ट्यातला किनाऱ्याचा बराच भाग गेला. म्हणून आम्हीही आता चौपाटीवरून एका मुलाने एका ओंजळीपेक्षा जास्त आणायचे नाही असा नियम केला आहे. बाकी सर्व माल खानावळीचा.

यापुढची गोष्ट नाजूक आहे, पण धंद्याच्या पानावर ती सांगितलीच पाहिजे. सुट्टी संपायला आली तेव्हा एका भेटवस्तूंच्या दुकानदाराने आमच्या फ्रेम पाहिल्या आणि शंभर नगांची ऑर्डर देऊ केली, दोन आठवड्यांत. मुले आनंदाने नाचू लागली. भावजय म्हणाली, “दादा, चौदा मुलं आहेत, आठ दिवसांत होईल.” मी नाही म्हटले आणि दोन दिवस घरात सर्वांचे तोंड पाहत बसलो. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ साली कडक झाला. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला लावता येत नाही. शाळेनंतर किंवा सुट्टीत स्वतःच्या कुटुंबाच्या कामात मदत करायची मुभा आहे, तीही काम धोक्याचे नसेल तर. पण शेजाऱ्याची मुले माझे कुटुंब नव्हेत, आणि परक्या दुकानाची ऑर्डर ही मदत नव्हे. २००५ साली मुंबईत जरीच्या कारखान्यांवर धाडी पडल्या आणि कोवळ्या वयाची मुले बाहेर काढली गेली, तेव्हा आपल्या मोहल्ल्यांची किती नाचक्की झाली ते आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यातल्या अनेक मुलांना ‘शिकायला’ म्हणूनच आणले होते.

शेवटी ऑर्डर इमारतीतल्या सहा बायकांनी घेतली, पन्नास नगांची, महिन्याच्या मुदतीने. त्यांना मी हिशेब मांडून दिला, तो इथेही देतो, कारण घरकाम करणाऱ्या भगिनी नेमक्या इथेच फसतात. समजा एका फ्रेमला पाटी २० रुपये, काच १२, गोंद ८, पॅकिंग १०. झाले ५०. शिंपले आणि कतरन फुकट म्हणून बायका इथेच थांबतात आणि ८० रुपयांना माल देऊन टाकतात. पण शिंपले धुणे, वाळवणे, निवडणे, लावणे यांत प्रत्येक फ्रेममागे पाऊण तास जातो. तासाला ८० रुपये धरले तरी मेहनतीचे ६० झाले. म्हणजे फ्रेम ११० ला पडली. दुकानदार आपले ४० टक्के कापून घेणार. छापील किंमत १९० च्या खाली ठेवली तर पैसे बाईच्या पदरचे जातात. पहिल्यांदा हे ऐकून त्या घाबरल्या, इतक्या किमतीला कोण घेणार म्हणून. दुकानदाराने कुरकुर केली, आणि १८० वर आला. बायकांनी एका फ्रेमची काच कमी केली आणि सौदा जमला. प्रत्येक नगामागे चिठ्ठी चिकटवली : ‘खाण्यातून उरलेल्या तिसऱ्यांपासून, हाताने बनवलेले.’ ही चिठ्ठी माझ्या पुतणीने सुचवली होती, आणि दुकानदाराचे म्हणणे की गिऱ्हाईक फ्रेम उलटी करून आधी तीच वाचते.

त्या पाच नगांचे काय झाले, असे वाचक विचारतील. एका वकील मित्राच्या सल्ल्याने मी लेखी अर्ज केला, बिलाची प्रत जोडली आणि नग वनखात्याकडे जमा करून पोच घेतली. जाताना भीती वाटली नाही असे म्हणणार नाही. घाऊक व्यापाऱ्याकडेही गेलो. तो आधी चिडला. इतकी वर्षे हाच माल विकतोय, कधी काही झाले नाही, असे म्हणाला. मी त्याला यादी दिली आणि निघून आलो. महिन्याभराने कवड्यांची गरज होती म्हणून पुन्हा त्याच्याकडेच गेलो. या वेळी बिलावर ‘मिक्स शेल’ लिहिलेले नव्हते. पाच ओळी होत्या, पाच नावे, प्रत्येकापुढे वजन. कवडी आणि शंख मला कळले. बाकीची तीन नावे बाईंना दाखवल्याशिवाय मी पिशवी माळ्यावर नेली नाही.